कानातला खडा

कॉड माशाच्या डोक्यात, मेंदूच्या मागे,
दोन पांढरे खडे असतात.
तांदळाच्या दाण्याहून मोठे, चिंचोक्याहून जरा चिंचोळे.
वर कुठे, खाली कुठे,
हे माशाला अंधारात त्यांच्यामुळे कळतं.

आल्फहिल्ड खडा अंगठ्यांनी मधोमध मोडते.
कट्.
भिंगाखाली धरते, ग्लिसरिनचा थेंब सोडते.
उन्हाळ्याचं वलय रुंद, दुधाळ.
हिवाळ्याचं बारीक, काचेसारखं.
एक, दोन, तीन
आणि खिडकीबाहेर ट्रोम्सोचा
दुपारी दोनचा काळोख.
कागदावर सगळ्या माशांचा वाढदिवस एक जानेवारी,
जसा आपल्यातल्या कित्येकांचा एक जून.

मोजून झाले की खडे पाकिटांत, पाकिटं पेटीत,
पेटी सरहद्दीपलीकडे, मूरमान्स्कला.
तिथे तैसिया पाव्लोव्ना तेच खडे पुन्हा मोजते,
आल्फहिल्डचे आकडे न बघता.
मादी वाढते पूर्वेच्या पाण्यात,
बाळंतपणाला मात्र पश्चिमेला येते, लोफोटेनला,
माहेरी.
म्हणून हिशेब दोन्ही घरांनी ठेवायचा.

आपण कानाला खडा लावतो, पुन्हा नाही म्हणून.
या दोन देशांनीही लावला होता,
जाळी हलकी येऊ लागली तेव्हा.
हात अजून कानाशी आहे.
पकड कधी घट्ट, कधी नुसती दाखवायला.

क्रमांक दोनशे सतरा.
आल्फहिल्ड म्हणते आठ.
तैसिया म्हणते नऊ.

एका वलयाचा फरक.
पण आठाचे नऊ झाले की तक्ता हलतो,
तक्त्यावरून साठा, साठ्यावरून टनांचा आकडा,
आणि त्या आकड्यावरून
आल्फहिल्डच्या भावाची बोट
बोट्सफ्योर्दच्या धक्क्याला किती दिवस बांधलेली राहणार.
तैसियाचा धाकटा ट्रॉलरवर आहे.
हे दोघींनी एकमेकींना कधी सांगितलेलं नाही.
भावाने एकदाच विचारलं होतं, फोनवर,
"एखादं वलय इकडचं तिकडे...?"
ती म्हणाली, कॉफी उतू जातेय, ठेवते.

मार्चमध्ये तैसिया आली.
एक भिंग, दोन खुर्च्या, इंग्रजी दोघींचं मोडकं.
ही म्हणते तोर्स्क, ती म्हणते त्रेस्का,
मासा एकच, मेलेला.
याच किनाऱ्यावर पूर्वी रशियन गलबतं पीठ आणायची,
इथले कोळी मासे द्यायचे,
आणि दोघं मिळून एक तिसरीच भाषा बोलायचे.
तिचं नाव होतं मोया पो त्वोया.
माझं तुझ्यात.

तैसिया सुईचं टोक ठेवते: हे बघ, नववं.
आल्फहिल्ड मान हलवते: हे वर्ष नव्हे.
मग काय?
शब्द सापडत नाही.
ती पोटावर हात ठेवते, गाल आत ओढते.
उपास. खायला कॅपेलिन नव्हते तेव्हाचा.

पाऊण तास गेला. चहा गार झाला.
तैसिया पुन्हा भिंगात वाकली, पुन्हा सरळ झाली,
मग तिने स्वतःचा डावा अंगठा दिव्याखाली धरला.
नखावर एक आडवी रेघ.
गेल्या हिवाळ्यात आजारी होते, म्हणाली,
की असंच काहीतरी म्हणाली, रशियनमध्ये.
आणि नऊ खोडून आठ लिहिला,
खाली सही, तारीख.

या वर्षी पेटी आली, तैसिया आली नाही.
का, ते पेटीवर लिहिलेलं नसतं.
पाकिटांच्या मध्ये एक चिठ्ठी,
तिरकी, छापील अक्षरं, शब्दकोशातून वेचलेली:
"क्रमांक अठ्ठ्याऐंशी. हळू बघ. नख."

आल्फहिल्ड दिवा जवळ ओढते.
पाच, सहा,
मग एक पुसट कड,
जी वर्षही असेल, नुसतं दुखणंही.

शेजारची खुर्ची ती बाजूला करत नाही.
पहिल्यापासून मोजू लागते.