पूर्ण मिनिट

तामालेच्या इस्पितळात हरमाटनची धूळ
खिडकीच्या काचपट्ट्यांतून आत येते,
पहाटे पुसलेला ट्रॉलीचा पत्रा
सातपर्यंत पुन्हा मळतो,
आणि सातला पाच कमी असताना
वुनपिनी दारात उभी,
हिरव्या पट्ट्याचा नवा गणवेश,
छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ,
काखेत ती वही.

वहीत एकेचाळीस चौकटी.
पाहिले. मदतीने केले. स्वतः केले.
प्रत्येकीत सही लागते माझी,
सिस्टर अझाराची, एकोणीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात,
सहा आठवडे आता हिची प्रिसेप्टर.
मी जाईन तिथे ती.
कागदावर तसंच लिहिलंय.

पहिल्या आठवड्यात तिने चादरीचे कोपरे
इतके ताठ दुमडले
की म्हाताऱ्या याकुबूला पायच हलवेनात.
दुसऱ्या आठवड्यात कुणाची तरी लघवीची बाटली
तिच्या बुटांवर.
रडली नाही. बूट धुतले, ओल्याच पायांनी
खाट नऊचा ताप लिहिला.
मी काही बोलले नाही.
कौतुकाने हात सैल पडतो,
असं माझी सिस्टर म्हणायची.
ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.
तिची एक सवय उरली आहे माझ्या बोटांत.

अठ्ठावीस खाटा, दोघी सिस्टर,
नाडी पंधरा सेकंद मोजायची, चारने गुणायचं,
पुढे व्हायचं.
वुनपिनीलाही मी तेच शिकवलं,
पुस्तक पुस्तकाच्या जागी, वॉर्ड वॉर्डाच्या, असं म्हणत.

बुधवारी खाट चौदा.
इद्रिसू, फुगूचं कापड विणणारा,
पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस.
मी मोजले एकवीस. लिहिले चौऱ्याऐंशी.
चार खाटा पुढे गेले तर मागे पावलं नाहीत.
वळून बघते, ती अजून तिथेच,
दोन बोटं त्याच्या मनगटावर,
डोळे घड्याळात,
ओठ हलतायत.

"सोड आता," म्हटलं, जरा कडकच.
तिने मान वर केली नाही.
शिकाऊ पोरीने सिस्टरला उत्तर न देणं
म्हणजे काय, ते अख्ख्या वॉर्डाला कळतं;
सतराच्या उशाशी बसलेली बहीणसुद्धा
वाडग्यातलं ढवळायची थांबली.

"सिस्टर, ती थांबते.
चाळिसाच्या पुढे. थांबते, मग धावते.
मी दोनदा मोजलं."

मी माझी बोटं ठेवली.
पंधरा सेकंद काही नाही, सरळ,
विणकराचा धोटा इकडून तिकडे.
तीस.
तिकडून इकडे.
मग धोटा अडकला.

डॉक्टर आले, हृदयाचा कागद निघाला,
रक्ताची नळी खाली लॅबमध्ये गेली,
दुपारी पोटॅशियमचा आकडा आला
आणि सलाईनची बाटली बदलली.
इद्रिसूला यातलं काही ठाऊक नाही.
त्याने एवढंच विचारलं,
ती पोरगी माझा हात इतका वेळ का धरून होती,
तिचं लग्न बिग्न ठरलंय का.
वुनपिनी हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा
मी तिचे दात पाहिले.

संध्याकाळी वही उघडली.
चौकट अकरा, नाडी मोजणे, स्वतः केले.
सही केली. शेजारी शेऱ्याला जागा
बोटभर.
हातगुण लिहावा तर चौकट नाही त्याला,
आणि हातगुण तरी कसला,
ती फक्त थांबली होती.
पेन धरून बसले. शेवटी "समाधानकारक" लिहिलं,
सगळ्यांनाच लिहिते तसं.
ती वाचून "बरं सिस्टर" म्हणाली.

अठ्ठावीस खाटांना अठ्ठावीस मिनिटं.
परवडत नाही. आजही परवडत नाही.
गुरुवारी पंधराव्या खाटेशी
माझं बोट विसाव्या सेकंदाला उचललं गेलं.

मागे ती उभी होती. काही म्हणाली नाही.

परत ठेवलं.