मागणी क्रमांक सात

परिपत्रक कन्नडमध्ये आलं.
रेणुका गावडेनं उभं राहून, अडखळत वाचलं
आणि आम्हाला मराठीत सांगितलं:
तीन वर्षांची पोरं आता शाळेत, एलकेजीला.
अंगणवाडीचं काय, ते दुसऱ्या पानावरही नव्हतं.

खानापुरात, युनियनच्या तापल्या पत्र्याखाली
आम्ही साठ-सत्तर जणी.
मानधन, पेन्शन, मोबाईलवरची हजेरी...
सहा मागण्या भराभर उतरल्या.

मी म्हटलं, सातवी लिहा:
दुपारी पोरं झोपतात.

अध्यक्षीणबाई हसल्या.
ही काय मागणी झाली, बाई?

शाळेत बाक आहेत हो, चटई नाही.
आमचा मल्लू खिचडी संपायच्या आत पेंगतो,
घास गालातच.
मी तो बोटानं काढते, मग त्याला आडवा करते.
हे कुठल्या कलमात बसवायचं?

पेन थांबलं.
मागून पारिश्वाडची निंगव्वा,
जिला मराठी कळतं पण बोलवत नाही,
म्हणाली, "मलगली बिडरी."
झोपू द्या की, एवढंच.

रेणुकानं ते तसंच लिहिलं.
नाहीतरी निवेदन कन्नडमध्येच द्यायचं होतं;
तेवढी एक ओळ
आयती झाली.