कोणत्या पक्षाची देऊ?

न्यू हॅम्पशायरची प्रायमरी. मिलफर्डच्या शाळेत,
बास्केटबॉलच्या जाळीखाली
लॉरेन पेल्की यादीवर पट्टी सरकवते.
बर्फाचे बूट फरशीवर ठिबकताहेत.
आडनाव अजून जमत नाही तिला,
बोट मात्र बरोबर पडतं.
"कोणत्या पक्षाची मतपत्रिका देऊ?"

बावीस वर्षं कुंपणापलीकडून
हवा, टोमॅटो, गुडघे.
याखेरीज काही निघालं नव्हतं.

मी सांगते. हळू.
"काय म्हणालीस?"
पुन्हा सांगते. जिमभर होतं.
मागे कुणीतरी खोकतं.

पडद्याआड मग सोपंच:
एक लंबगोल काळा करायचा.
आणि निघताना एका कार्डावर सही केली
की पुन्हा कुणाचीच नाही मी.

दुसऱ्या दिवशी लॉरेन फावडं परत द्यायला आली.
हवेबद्दल बोललो,
नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.