वर बघा

वर बघा, म्हणते मी,
आणि अंगठ्यानं खालची पापणी जराशी ओढते.
आत किती लाल उरलंय,
पहिल्यांदा एवढंच बघायचं असतं.
बायका खरंच वर बघतात,
पंख्याच्या वाटीत चिमणीनं खोवलेल्या काडीकडे,
आणि तशाच, वर बघत, बोलू लागतात.

दिघ्याच्या या दवाखान्यात खिडकी पुसून उपयोग नसतो.
दुपारपर्यंत खाणीची धूळ परत येऊन बसते.
यल्लव्वा त्याच धुळीतून येते,
डोक्यावर पाटी नसतानाही मान तशीच ताठ.
दम लागतो, म्हणते. जिना नको वाटतो.
माती खाता का?
ती पदर दातात धरून हसते.
कनवटीला पुडी निघते, भाजलेल्या मातीची.
कुरकुरीत लागते, बाई. पोरगी पण मागते.
पाळी नऊ दिवस. चहा किती वेळा, ते मोजत नाही.
गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या,
शी काळी होईल, घाबरू नका,
पोरीला घेऊन या.
महिन्यानं सातचे साडेआठ होतात.
पुडी?
दुकानातच ऱ्हायली, म्हणते.

रजिस्टरात एकच रकाना आहे: रक्त कमी.
त्यातच यल्लव्वा, त्यातच ते किराणावाले शहाशेठ,
जीभ फरशीसारखी गुळगुळीत,
पायातली चप्पल निसटली तरी पायाला पत्ता नाही.
त्यांना लोह नको होतं, बी-बारा हवं होतं.

आणि त्याच रकान्यात केणीकाका.
बासष्ट वर्षांचे, बेलापूर रस्त्यावरच्या
बंद पडलेल्या कारखान्यातले फिटर.
पापणी फिकी. लोह कमी, म्हणून लोह दिलं.
पुरुषाच्या अंगातून लोह जातं कुठे,
हा साधा प्रश्न मी त्या दिवशी
रांगेतल्या एकेचाळीस माणसांच्या मागे उभा केला.
तीन महिन्यांत आकडा वाढला.
काका खूश, मीही.
फिटर माणसाची टाकी गळत होती
आणि मी वरून पाणी ओतत होते.
कळव्याला दुर्बीण घातली तेव्हा
आतड्यातली गाठ दिसली. उशीर झाला होता.
काकू नंतर आल्या. भांडायला नाही.
उरलेली पाकिटं रबर लावून आणली होती.
कुणाला तरी लागतील, म्हणाल्या.

म्हणून दर्शना मढवीच्या कागदावर मी थांबते.
गोठिवलीची. तिसरा महिना.
शाळेपासून लाल गोळ्या खाल्लेली मुलगी,
आकडा साडेनऊ, तिथून हलत नाही.
पेशी बारीक, पण संख्येनं भरपूर,
जवळ्यासारख्या: एकेक नखाएवढा, टोपली मात्र भरलेली.
लोहाचा साठाही भरलेला.
तुझं काही चुकलं नाही गं, सांगते तिला,
पालेभाजी कमी खाल्लीस म्हणून नव्हे हे.
आईनं दिलं असेल, नाहीतर वडिलांनी,
नाकासारखं, रंगासारखं.
थॅलेसेमिया मायनर म्हणतात. तुला यानं काही होत नाही.
पुढची चाचणी लिहिते, आणि म्हणते,
नवऱ्याचंही रक्त बघायचं.

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठतात.
माझ्या मुलाला काय धाड भरलीय?
काही नाही, मावशी.
त्याच्यातही हेच असलं
तर बाळाला दोन्हीकडून मिळू शकतं.
नुसतं विचारून ठेवू.
विचारायचं राहून गेलं की काय होतं
ते त्यांना सांगत नाही.

रूपेश हेल्मेट बायकोच्या मांडीवर ठेवतो,
बाही दुमडतो, तोंड फिरवतो.
सुई जाते. नळीत गडद लाल चढतं,
बघून काहीच ओळखू येत नाही.
अहवाल शुक्रवारी.

खालच्या खणात ती पाकिटं अजून आहेत.
मुदत संपून वर्ष झालं.
कुणाला दिली नाहीत, फेकलीही नाहीत.
पुढची बाई स्टूलवर बसते,
मी काही म्हणायच्या आधीच
चिमणीच्या काडीकडे बघते.