पालकसभा, सातवी ब

बसा. बाकं लहान आहेत, गुडघे आडवे करून बसा.
कूलर नुसताच फिरतोय, टाकी कोरडी आहे.
ढोलेभाऊ बादली आणायला गेलेत.
जूनचा शेवट म्हणायचा, आणि नागपूर अजून मे सोडत नाही.

मी कुंभलकर. विज्ञान.
मार्कांचं विचारणार आहात, माहीत आहे. ते शेवटी.

आधी घरातलं सांगते.
हळद लवकर संपेल.
चुन्याची डबी सापडणार नाही,
आजोबांनी सुनेवर चिडू नये, ती माझ्या कपाटात असेल.
देवाचं एक जास्वंद कमी होईल,
गरम पाण्यात आपला रंग सोडेल,
मग लिंबानं गुलाबी, सोड्यानं हिरवं,
आणि ओट्यावर डाग राहील तो राहीलच.
फ्रिजमागे लव आलेला पाव दिसला
तर फेकू नका, हेडाऊताई.
गेल्या वर्षी तुमच्या थोरल्याचे नऊ दिवस
तुम्ही एका झाडूत संपवले होते.

प्रश्न येतील, पण वेळ बघून येणार नाहीत.
पंगतीत येतील, वांग्याच्या भाजीवर हात असताना:
उलटं टांगून जेवलं तर घास कुठं जातो?
वर्धा रोडच्या सिग्नलला, मागच्या सीटवरून:
मेट्रो गेली ते कानानं कळलं की पायानं?
एकानं मला विचारलं,
झीरो माइलच्या दगडापाशी उभं राहिलं, मिस,
तर आपण कुठंच नसतो काय?

येत नसेल तर "येत नाही" म्हणा.
"चूप बस" म्हणू नका.
माझी जास्तीची फी तेवढीच.
मीही म्हणते येत नाही, फळ्यासमोर, खडू हातात धरून.
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वाटलं होतं, गेली नोकरी.
पोरं उलट पुढं सरकून बसली.

निखाडेभाऊ मागं बसलेत. त्यांना विचारूनच सांगते.
त्यांची थोरली, ऋतिका, गेल्या वर्षी माझ्याकडे होती.
महादुल्याच्या गच्चीवर तिनं काचपट्टी ठेवली,
वर व्हॅसलिनचा हात फिरवून,
आणि रोज संध्याकाळी भिंग घेऊन
त्यावर चिकटलेले करडे कण मोजले.
एकेचाळीस. अडुसष्ट. सत्तावीस.
निखाडेभाऊ प्लांटात, कोळशाच्या पट्ट्यावर.
वही बघितली आणि म्हणाले,
"काहून मोजून राहिली वं हे?
आपली चूल त्याच्यावरच पेटते ना."
तीन दिवस काचपट्टी माळ्यावर होती.
चौथ्या रात्री ते पाळीवरून आले,
डबा ठेवला, टॉर्च घेतली, वर गेले,
आणि तिला उठवून विचारलं,
"ज्या दिवशी अडुसष्ट होते,
त्या दिवशी वारा कुठून होता?"

तिनं नव्हता लिहिला. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.
दुसऱ्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला,
वाऱ्याचा, वेगळ्या अक्षरात,
वेलांट्या जरा चुकलेल्या.
कण कशाचे, ते आम्ही लिहिलं नाही.
तपासायला आमच्याकडे काही नव्हतं.
शेवटच्या पानावर तिनं लिहिलं:
'मोजणारे दोन. कारण अजून माहीत नाही.'
ते पान मी लाल पेनानं खराब केलं नाही.

तर, पराते साहेब, मार्क…

आले ढोलेभाऊ. ओता. सगळी ओता.
थांबा, कुणी बोलू नका थोडा वेळ.
लागला गारवा?
कशानं लागला?
पाण्यानं, म्हणता. पाणी मघाशी नळात होतंच की.
हवेनं? हवाही होती, तीच तर तोंडावर येत होती.

बघा, सगळे खाली बघायला लागले, पोरांसारखे.
घाई नाही.
त्यांनाही दोन तासिका लागतात.