ताबा

शिपाई पुकारतो, ठवकर विरुद्ध ठवकर,
आणि आम्ही दोघं एकदमच उठतो,
कुणाच्या लग्नात फोटोसाठी बोलावल्यावर उठायचो तसे.

'ताबा' हा शब्द याआधी मी
बेसा रोडच्या फ्लॅटसाठी वापरला होता.
बिल्डरनं किल्ली दिली, पेढे दिले.
चार्वी तेव्हा पोटात होती.

साहेबांनी तिला चेंबरमध्ये नेलं. एकटीलाच.
अकरा मिनिटं.
बाहेर आली तेव्हा मुठीत लिमलेटची गोळी, चिकट झालेली.
आत काय विचारलं, तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही, तिच्या आईनंही नाही.
इतकं एकमत आमचं चार वर्षांत झालं नव्हतं.

आदेश सात पानांचा.
'अज्ञान मुलीचे हित सर्वोपरी.'
अज्ञान!
बंद दारामागचं आमचं सगळं
तिला पाढ्यांसारखं पाठ आहे.

दुसरा-चौथा शनिवार, दहा ते पाच.
दिवाळीत भाऊबीज सोडून दोन दिवस.
उन्हाळी सुट्टीचा उत्तरार्ध वडिलांकडे,
म्हणजे नागपूरचा अख्खा नवतपा
माझ्या वाट्याला.

काल कूलरच्या ताट्या बदलल्या.
टाकी घासली, मोटर लावून पाहिली.
तिला कूलरच्या तोंडाशी बसून
फिरत्या पात्यांशी बोलायला आवडतं,
शब्द कापला जातो, तुकड्यातुकड्यानं परत येतो,
ती हसते, पुन्हा बोलते.

यंदा ती त्याला काय सांगेल
कोण जाणे.
मी स्वयंपाकघरात
भांडी जरा जास्तच वाजवीन.