तफावत

कार्यशाळा सांगलीत, विश्रामबागला. दोन दिवस, जेवणासह.
प्रवासखर्च मिळणार होता, बिल जोडल्यावर.
माझं बिल म्हणजे तासगाव-सांगली एसटीचं
बायकांचं अर्धं तिकीट.
टाचणी लावली तर टाचणीच मोठी दिसायला लागली.

अनुदान कसं मागावं हे शिकायला आम्ही तेवीस संस्था.
कुणाची भटक्या कुत्र्यांची, कुणाची कर्णबधिर मुलांची.
मिरजेचा एक म्हातारा होता, वाचनालयवाला.
त्यानं वहीत तारीख घालून लिहिलं:
गरज वेगळी, मागणी वेगळी.
मग दोन दिवस पेनचं टोपण काढलं नाही.

सर पुण्याचे. चांगले होते. घाई नव्हती त्यांना.
म्हणाले, प्रस्तावात रडू नका, आकडे द्या.
म्हणाले, तुम्ही काय करता ते राहू दे,
त्यानं काय बदलतं ते सांगा.

आमच्याकडं काय बदलतं?
बायका शेडवर बेदाणा निवडतात,
काडी इकडं, काळा मणी तिकडं,
आणि त्यांची पोरं आमच्या पत्र्याखाली झोपतात.
कोण गंधकाच्या धुरीकडं रांगत जात नाही.
कोण मागं येणाऱ्या टेम्पोखाली सापडत नाही.
संध्याकाळी उठतात, चिकट बोटांच्या आयांकडं जातात.
काही होत नाही, सर. तेच तर आमचं काम.
हे कुठल्या रकान्यात भरू?
सर जरा वेळ फळ्याकडंच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी, बासुंदीनंतर सगळे पेंगत असताना,
त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: वस्तुरूप योगदान.
जे फुकट मिळतं त्यालाही किंमत लावायची.
जागा, तास, भांडी.
मी लिहिलं: पाळणे.

आमचे पाळणे साड्यांचे.
लोखंडी अँगलला दोन गाठी, बास.
बारा पाळणे, बारा जणींच्या जुन्या साड्या.

वही घेऊन शेडवर गेले. शमीम अत्तार म्हणाली,
नवी हुती तवा साडेतीनशेची.
त्यात माझी दोन बाळंतपणं झाली.
ती वजा करायची का मिळवायची?
सगळ्या हसल्या. शंभर लिव, म्हणाल्या, सरसकट.
हिराक्का ओलेकर हसली नाही.
हातातला मणी उजेडात धरून म्हणाली,
माझ्या साडीला दर लावू नगंस.
आईची हाय ती. आई गेली तवा
अंगावर न्हवती, वलनीवर हुती,
म्हणून ऱ्हायली.

मी लिहिलं: साडी, सुती, वापरलेली, नग अकरा,
दर शंभर, एकूण अकराशे.

तीन महिन्यांनी मेल आला.
प्रस्ताव पसंत आहे. छाननीत एक मुद्दा.
पाळणे बारा, साड्या अकरा.
तफावत स्पष्ट करावी. पन्नास शब्दांत. शुक्रवारपर्यंत.

आज गुरुवार.
नवा पत्रा, पाण्याची टाकी, दोघींचा दोन वर्षांचा पगार
त्या एका साडीला लटकलाय.
भाचा म्हणतो, टायपिंगची चूक म्हण, बारा कर, पाठव.
एवढंच तर आहे. अकराचे बारा.
ऑडिटर सुद्धा हेच म्हणेल, वर चहा मागेल.

पहिल्यांदा लिहिलं ते एकशे ऐंशी शब्द झाले.
रडू नका, म्हणाले होते सर, ते आठवून
पहिला परिच्छेद काढला.
आई तीनदा आली होती, दोनदा काढली.
वलनीचं इथल्या बाहेर कुणाला कळेल का,
म्हणून "दोरीवर" केलं, परत वलनी केलं.
हिराक्काचं आडनाव काढलं.

आता एकोणपन्नास झालेत.
एका शब्दाची जागा आहे.
बाराव्या पाळण्यात आज कोण झोपलंय
ते बघून येते.